नारिंगी बंडी

बशीत टाचणी पडली. टिण्.

एवढ्याशा आवाजानं टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. टेबलावर पोस्टर पसरलं होतं. ते वळून जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार वाडगे ठेवले होते, आणि त्यामुळे कुणालाच कॉफी पिता येत नव्हती. वाडगा उचलला की तो कोपरा गुंडाळून वर आला असता, मग तो सपाट करायला कुणाला तरी चित्राला हात लावावा लागला असता. तेवढं धाडस त्या घटकेला कुणात नव्हतं.

कोरांतीननं ओठांत धरलेली दुसरी टाचणी काढून उद्याच्या टोपीला लावली. पाहुणे आले की हातातलं काम बाजूला ठेवायचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती मुद्दाम करत होती. खळ घालून, इस्त्री करून हातभर उंच उभी केलेली ती पांढरी टोपी तिच्या मांडीवर एखाद्या समईसारखी ताठ होती. आणि साधी. वेल नाही, फूल नाही, जाळीचं एक भोक नाही. समुद्रकाठच्या पोर्सग्वेन गावात तिच्या वयाच्या बायका रविवारी भरतकामानं लगडलेल्या टोप्या घालून चर्चला जायच्या. विधवा बायकासुद्धा दोन-चार वर्षांनी एकेक फूल वाढवत पुन्हा जाळीवर यायच्या. कोरांतीन कधी आली नाही. नवरा बुडाला त्या आठवड्यात जी साधी टोपी डोक्यावर चढली, ती तीस वर्षं उलटली तरी तशीच.

कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर आनाइक बसली होती, कोरांतीनची सून. महिन्याचा लान तिच्या खांद्यावर नुकता कुठं झोपला होता. सकाळपासून पोटात कळ येऊन रडला होता बिचारा. त्याचा ऊन, ओलसर श्वास तिच्या मानेवर येत होता, आणि तिला एकच भीती होती. आता इथं कुणी ओरडू नये.

"वहिनी, निदान बघ तरी," जाकेत म्हणाली.

जाकेत म्हणजे कोरांतीनची नणंद. या घराच्या उंबऱ्याच्या आत ती आज पहिल्यांदा आली होती. चर्चच्या पायरीवर 'कशी आहेस', 'बरी आहे', यापलीकडे दोघींत इतक्या वर्षांत काही नव्हतं. पुढच्या रविवारी लानचा बाप्तिस्मा होता. आनाइकच्या नवऱ्याला, क्लेतला, त्या दिवशी दोन्ही घरं एका टेबलावर जेवायला हवी होती. त्यानं स्वतः जाऊन आत्याला बोलावलं होतं, लोणी-साखरेचा केक आणला होता, सकाळपासून शिट्टी वाजवत हिंडत होता. आत्या आली. मुलाच्या नव्या मोटारीतून, टोपी छताला लागू नये म्हणून मान वाकडी करून बसून आली. आणि बाळाचं तोंड बघायच्या आधी तिच्या मुलानं हे पोस्टर उलगडलं.

"बघितलंय मी ते," कोरांतीन म्हणाली. "एक वर्षभर बघितलंय. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात."

"मामी, ते छापील होतं, लहानसं. हे मूळ चित्रावरून केलंय. रंग बघा, काय रंग आहेत!" जोब पुढं सरसावला. जाकेतचा हा मुलगा वाईट नव्हता. उपनगराध्यक्ष झाल्यापासून जरा जास्तच उत्साही झाला होता आणि शनिवारीही गळ्यात टाय बांधायला लागला होता, एवढंच. "ओक्ताव दार्सेल यांची जलरंगातली चित्रं आता मोठमोठ्या शहरांत लावतात. आपल्या गावात त्यांनी एक उन्हाळा काढला, आपल्याच घरात राहिले. म्हणून आपण सभागृहाला त्यांचं नाव देतोय. आणि तुम्ही…"

"मी काय?"

"तुम्ही त्यांच्या चित्रातली बाई! जिवंत! उद्घाटनाला तुम्ही या चित्राखाली बसायचं. याच पोशाखात. वर्तमानपत्रवाले येणार आहेत."

कोरांतीननं आता कुठं टोपी बाजूला ठेवली. उठली, टेबलाशी आली, आणि चष्मा न लावताच चित्राकडं पाहिलं.

चित्र सुंदर होतं. हे आनाइकला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याचाच तिला राग आला. दारात बसलेली तरुण बाई. मागं निळसर भिंत. डोक्यावर फुलांनी भरलेली उंच टोपी, अंगात काळी बंडी, आणि बंडीवर छातीभर, बाह्यांभर नारिंगी-पिवळ्या रेशमाची मोरपिसं, जणू कुणी निखारे पसरले होते. पाण्यासारखे हलके हात. आणि चेहरा, तो मात्र ओळखायला क्षणभर लागला, कारण ती हसत होती. सासूबाईंचे वरचे दात आनाइकनं लग्न झाल्यापासून पाहिले नव्हते.

खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: पोर्सग्वेनची तरुणी, सणाच्या पोशाखात.

"ही मी नाही," कोरांतीन म्हणाली.

"आई," क्लेत हळूच म्हणाला, "आता कोण लक्षात ठेवतंय ते? ती माणसं मेली सगळी. पोरीबाळी बघतात आणि म्हणतात, किती छान. तुलाच फक्त…"

"मलाच फक्त. बरोबर आहे. बाकीच्यांना काय झालं होतं?"

आनाइकनं बाळाच्या पाठीवर हात फिरवला. ती या घरची नव्हती, दोन गावं पलीकडची होती, तरी तिला ही गोष्ट पाठ होती. पोर्सग्वेनात लग्न होऊन आलेल्या कुणालाही पहिल्या महिन्यातच कुणीतरी ती सांगायचंच.

गेनोले तानो शरद ऋतूत बुडाला. कोरांतीन चोवीस वर्षांची, क्लेत पाळण्यात. पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसहून चित्रकार आला आणि तानोंच्या माडीवरची खोली भाड्यानं घेऊन राहिला. त्यानं गावातल्या बायकांची चित्रं काढली. एके दिवशी कोरांतीन दारात वाटाणे सोलत बसली असताना त्यानं तिचंही काढलं. पेन्सिलीनं. तिनं कागद पाहिला, त्यावर एक विधवा होती, साध्या टोपीतली, काळ्या कपड्यांतली. त्यात कुणाला वावगं वाटावं असं काही नव्हतं. उन्हाळा संपला, चित्रकार गेला. आणि वर्ष बदलताना पोस्टमन जी दिनदर्शिका घरोघर घेऊन फिरतो, तिच्यावर कोरांतीन आली. नारिंगी पिवळी. फुलांच्या टोपीत. हसत.

चित्रकारानं रंग आपल्या मनानं भरले असतील, असं त्या गावात एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? तिथं बाई काय घालते ते शपथेवर सांगितल्यासारखं असायचं. टोपीची उंची पाहून गाव कळायचं, टोपीवरची फुलं पाहून घरात कोण गेलंय आणि केव्हा ते कळायचं. अंगावर खोटं घालणं म्हणजे चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलणं. मग कागदावर तरी खोटं कोण कशाला काढेल? लोकांनी चित्र पाहिलं आणि जे वाचायचं ते वाचलं: दुखवट्याचं वर्ष सरलं नाही तोवर तानोंच्या सुनेनं पेटीतून रंग काढला, आणि तोही माडीवरच्या परक्या पुरुषासमोर. मग ते चित्र वर्षभर घरोघरी चुलीशेजारी खिळ्याला टांगलेलं राहिलं.

सासूनं, बार्बा तानोनं, तिला बाळासकट बाहेर काढलं. जत्रेच्या मिरवणुकीत मेरीमातेची मूर्ती खांद्यावर घेणाऱ्या बायकांतून तिचं नाव गेलं. कोरांतीन मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात लागली आणि सार्डिनची डोकी तोडत तिनं पोर वाढवलं.

"मामी, माझा तर तेव्हा जन्मही नव्हता," जोब अजूनही समजुतीच्या सुरात होता. "जुन्या लोकांची बुद्धी तेवढीच. तुम्ही घातला असेल एक दिवस रंग, तर काय बिघडलं? चोवीस वर्षांचं वय! आज कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

आनाइकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लानच्या कानाजवळ तोंड होतं म्हणून ती कुजबुजल्यासारखी बोलली. त्यामुळेच बहुधा सगळ्यांना ते नीट ऐकू गेलं.

"जोबभाऊजी, त्या नाही म्हणतायत. त्यांनी घातला नव्हता. तुम्ही माफ कसलं करताय?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला, वहिनी…"

"तसंच म्हणालात."

"आनाइक," क्लेत म्हणाला, "तू बाळाला आत घेऊन जा."

"बाळ झोपलंय. तुम्ही जा हवं तर."

जाकेतला हसू आलं. निदान तसं दाखवलं तिनं. "सून तिखट मिळाली हो तुला, वहिनी! असू दे, असू दे. जोब, गुंडाळ ते. जबरदस्ती नाही करायची कुणावर. आपण बाळ बघायला आलोय."

ती एवढ्या घाईनं का उठली, हे आनाइकला तेव्हा कळलं नाही. जोबला तर मुळीच कळलं नाही. हातात एक शेवटचा पत्ता उरल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

"थांब आई. मामींना ते तर दाखवलंच नाही. गाडीतच राहिलं."

"राहू दे गाडीत."

"अगं, त्याच्यासाठी तर आलो!"

"जोब, म्हटलं ना राहू दे!"

पण तो गेलाही होता. परत आला तेव्हा हातात तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "आईच्या पेटीत तळाशी होती. मी कितीदा म्हटलं, ही मामींची, परत करून टाक. तुम्ही घर सोडलंत तेव्हा राहिली असणार." आणि त्यानं कागद सोडून बंडी चित्राच्या शेजारी पसरली.

इतकी वर्षं अंधारात राहिल्यामुळं रंग जराही उतरला नव्हता. नारिंगी रेशीम खिडकीच्या उजेडात असं पेटलं की टेबलाखाली खेळणारी रोझेन बाहेर आली. रोझेन, क्लेत-आनाइकची थोरली, पाच वर्षांची. तिनं दोन्ही हनुवट्या, म्हणजे स्वतःची आणि बाहुलीची, टेबलाच्या कडेवर टेकवल्या.

"आई, सूर्य आहे का तो?"

"मोरपिसं आहेत. हात नको लावूस."

कोरांतीन बंडीकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उशिरा आलेल्या माणसाकडं पाहावं तसं ती पाहत होती. मग ती आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण वर झाल्याचं ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा तिच्याही हातात बंडी होती. तिनं ती नारिंगी बंडीशेजारी ठेवली आणि हातानं सुरकुत्या सपाट केल्या.

ती काळी होती. निव्वळ काळी. पण आनाइकनं वाकून पाहिलं तेव्हा काळ्यावर काळी नक्षी उठून दिसली. रेशमाचे तेच उंचवटे, तीच मोरपिसं, फक्त रंगाविना.

"ही माझी," कोरांतीन म्हणाली. "लग्नाची. गेनोले गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी ती काळ्या रंगात उकळली. भरतकामासकट. चित्रकार आला तेव्हा माझ्या अंगावर घालायला पिवळा दोरा शिल्लक नव्हता, जोब. घातला असता तरी कुठून घातला असता?"

क्लेतनं बंडी उचलली. ती त्यानं कधी पाहिली नव्हती हे उघड दिसत होतं. "आई, मग तू हे दाखवलं का नाहीस? तेव्हाच? एका शब्दानं मिटलं असतं!"

"दाखवलं. बार्बाला दाखवलं, याच हातांनी. ती म्हणाली, पकडली गेल्यावर रंगवलीस."

बाहेर धक्क्यावर बोटी लागत होत्या, कुणीतरी दोर टाकायला ओरडत होतं.

"आणि जाकेत तिथंच उभी होती," कोरांतीन पुढं म्हणाली. "चुलीपाशी. बंडी मी केव्हा उकळली ते तिला माहीत होतं. काहिलीखाली लाकडं तिनंच सारली होती."

"वहिनी, मला नाही आठवत इतकं…"

आनाइक एव्हाना टेबलाशी आली होती. एका हातानं बाळाला सावरत ती चित्राकडून नारिंगी बंडीकडं आणि बंडीकडून चित्राकडं पाहत होती. डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, मोरपिसांची ओळ होती. प्रत्येक पिसाचा डोळा पिवळा होता. एकाचाच लाल. पिवळं रेशीम संपलं असेल, शिंप्यानं हाताला लागलेलं घातलं असेल. चित्रातही डाव्या बाहीवर मनगटाच्या वर एक लाल ठिपका होता. त्या माणसानं चेहऱ्यावर हसू आपल्या पदरचं घातलं, पण तो ठिपका मात्र इमानदारीनं उतरवला होता.

तिनं काळ्या बंडीची डावी बाही उलटून पाहिली. तिथं पिसांची ओळच नव्हती. नुसती साखळी होती.

"ही बंडी यांची नाही," ती म्हणाली. "आत्याबाई, ही तुमची आहे."

"आई?" जोबनं विचारलं.

जाकेतनं खुर्ची ओढली आणि बसली. टोपीच्या फिती तिनं कानामागं सारल्या, त्या तशाही मागंच होत्या.

"असेल माझी. मग काय झालं? वाळत घातली असेल. त्यानं पाहिली असेल."

"दुखवट्याच्या घरात? सख्खा भाऊ जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि पिवळी बंडी दोरीवर, रस्त्याच्या तोंडावर?" कोरांतीन म्हणाली. "बार्बानं दोरीसकट तुला जाळलं असतं."

"तू गप्प बस, वहिनी! तुला माहीत होतं तर तू का नाही बोललीस? बोलायचं होतंस! एवढी वर्षं तोंडात टाचण्या धरून बसलीस!"

"मी वाट बघत होते. तू बोलशील म्हणून."

हे इतकं शांतपणे आलं की जाकेतची नजर खाली बंडीकडं वळली. मग ती त्या बंडीलाच सांगितल्यासारखी बोलली.

"गोठ्यात. त्यानं मला गोठ्यात बोलावलं. म्हणाला, तुमचा काळा रंग छापताना नुसता चिखल होतो, कुणी विकत घेत नाही, काहीतरी रंगीत आण. मी एकोणीस वर्षांची होते. वर्षभर काळ्यात होते. माझ्याकडं वर्षभरात कुणी पाहिलं नव्हतं. मी घातली. टोपीही घातली सणाची. तो दुपारभर रंगवत होता, पाण्यात ब्रश बुडवायचा, माझ्याकडं बघायचा…" ती थांबली. "संध्याकाळी मी कागद पाहिला. गळ्यापर्यंत मी होते. वर रिकामं होतं. मी विचारलं, चेहरा? तो म्हणाला, चेहरा मला मिळालाय आधीच. तुझा नाही चालणार."

"असं म्हणाला?" आनाइकच्या तोंडून गेलं.

"हनुवटीला धरून, उजेडाकडं वळवून बघितलं. मग सोडून दिली. बाजारात मासा बघून परत टाकतात ना, तसं." जाकेतनं मान वर केली. "आणि दिनदर्शिका आली तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. मी सांगितलं असतं की ते अंग माझं आहे, तर तुझ्या बापानं माझ्याशी लग्न केलं असतं का, जोब? तू इथं टाय बांधून उभा असतास का?"

जोबचा हात आपोआप टायकडं गेला.

आनाइकला वाटलं, आता सासूबाई नरमतील. क्षणभर तसं दिसलंही. कोरांतीनचा हात टेबलावरून नणंदेच्या हाताकडं थोडा सरकला. मागच्या खोलीतलं घड्याळ, बाळाचा श्वास, आणि दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका, एका परक्या माणसानं मापून, निवडून, कापून जोडलेल्या. एकीचा चेहरा, दुसरीचं अंग. दोघींना विचारलं कुणी नाही. आणि त्याच माणसाच्या नावाची पाटी आता सभागृहावर लागणार होती. आनाइकला त्या क्षणी मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. बाळ खांद्यावर होतं म्हणून तिनं नुसते दात आवळले.

पण हात अर्ध्या वाटेत थांबला, कारण क्लेत बोलला.

"मला शाळेत काय म्हणायचे माहीत आहे, आत्या?" तो उभाच होता, काळी बंडी छातीशी धरून. सकाळपासून शिट्टी वाजवणारा माणूस हाच, हे कुणाला खरं वाटलं नसतं. "नारिंगी. अजून धक्क्यावर जुनी माणसं मागून म्हणतात, नारिंगीचा पोरगा चालला. बोटीला नाव द्यायचं होतं, तर एकानं सुचवलं, 'संत्रं' ठेव. मी हसलो. इतकी वर्षं मी हसतोय. मला वाटायचं, आई लपवतेय. घातली असेल रंगीत बंडी आणि आता हट्टाला पेटलीय." त्यानं बंडी हलकेच टेबलावर ठेवली. "मी माझ्या आईवर विश्वास ठेवला नाही, आत्या. आणि तुला माहीत होतं."

लान दचकला. आनाइकनं त्याला घट्ट धरलं. तो रडला नाही, नुसता ओठ मुडपून पुन्हा झोपला.

"जोब," क्लेत म्हणाला, "गुंडाळ ते पोस्टर आणि घेऊन जा."

"दोनशे छापलीत," जोब कसनुसा म्हणाला. "गावभर लागलीत निम्मी. क्लेत, मला खरंच माहीत नव्हतं, मी… मी काढायला सांगतो. सांगतो अध्यक्षांना."

"काय सांगशील?" आनाइकनं विचारलं. "की म्हातारी हट्ट करतेय? पोस्टर काढलं की लोक काय समजतील? तेच पुन्हा. हिला लाज वाटली म्हणून काढलं."

"मग काय करू, वहिनी, तुम्हीच सांगा!"

उत्तर कोरांतीननं दिलं. ती आपल्या जागी परत गेली होती. तिनं टोपी पुन्हा मांडीवर घेतली होती आणि बशीतली टाचणी शोधत होती.

"काढू नकोस. मी येते उद्घाटनाला."

"मामी?"

"चित्राखाली बसायचंय ना? बसते. माझ्या काळ्या बंडीत. माझ्या टोपीत. जशी त्या दिवशी दारात बसले होते तशी." टाचणी सापडली. "पण मी एकटी कशी पुरे पडणार? माझं तर नुसतं तोंड आहे त्यात. शेजारी आणखी एक खुर्ची ठेव. जाकेत बसेल. तिच्या नारिंगी बंडीत."

जाकेत खुर्चीत मागं सरकली. "वहिनी, मला ती होणारसुद्धा नाही आता."

"खांद्यावर टाक."

"सगळं गाव बघेल. चित्र बघतील, बंडी बघतील, मग माझ्याकडं. पोर्सग्वेनातल्या बायकांना लाल डोळा दिसायला किती वेळ लागणार?"

"मुळीच नाही लागणार."

"लोक काय म्हणतील मला, या वयात?"

"जे मला म्हणाले," कोरांतीन म्हणाली. "त्याहून थोडं कमीच. तुझ्या पदरात पोर नाहीये तान्हं."

जाकेत उठली. बाळाजवळ आली, एका बोटानं त्याच्या मुठीला स्पर्श केला. टेबलाशी जाऊन तिनं नारिंगी बंडी उचलली. जोबनं घाईघाईनं तपकिरी कागद पुढं केला.

"दे, आई. गुंडाळतो."

"नको."

"आणि गाडी…"

"गाडीत मान मोडते माझी. चालत जाते."

क्लेतनं तिच्यासाठी दार उघडलं नाही. तिनं स्वतःच उघडलं. आनाइक खिडकीपाशी गेली. शनिवारची दुपार. धक्क्यावर बोटींची वाट बघत बायका उभ्या होत्या, उंच पांढऱ्या टोप्यांची रांगच्या रांग. जाकेत त्यांच्यापुढून चालत निघाली. बंडी तिच्या हातावर होती, घडी न घातलेली, भरतकामाची बाजू बाहेर. एकेक टोपी वळत गेली. पहिल्या दोघीतिघी नुसत्या बघत राहिल्या. मग एक म्हातारी दोन पावलं पुढं आली, बंडीवर वाकली, आणि तिनं भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरकडं मान वळवली. जाकेत थांबली नाही. पण तिनं बंडी झाकलीही नाही.

मागं वाडगा वाजला. क्लेतनं अखेर आपली गार झालेली कॉफी उचलली होती. पोस्टरचा तो कोपरा वळून वर आला आणि चित्रातलं दार, भिंत, वाटाण्याची टोपली झाकली गेली. उरली ती नुसती बाई.

रोझेन खुर्चीवर चढली. बाहुलीला तिनं चित्राच्या कडेला नीट बसवलं, जवळून बघायला. मग बोट चेहऱ्यावर ठेवलं.

"ही आजी."

"हं," आनाइक म्हणाली.

बोट बंडीवर आलं. "आणि ही जाकेतआजी."

"हो, बाळा."

"आजी तेव्हा रडत होती ना? आजोबा समुद्रात गेले म्हणून?"

"हो."

"आणि जाकेतआजीचा चेहरा त्यानं घेतलाच नाही."

"नाही घेतला."

कोरांतीनच्या हातातली टाचणी टोपीपाशी थांबली होती. रोझेनचं बोट पुन्हा वर गेलं, त्या उघड्या, आनंदी ओठांवर, आणि तिनं आईकडं वळून पाहिलं.

"मग आई, हसतंय कोण?"